लेटीला दिलेला होकार

साउथसी,
९ मार्च १८८६

प्रिय ऑगस्टा,

रविवारी तू चहा न घेताच उठलीस. शोकाची काळी जाळी चेहऱ्यावर ओढून घेतल्यावर दारात काहीतरी बोललीस, आणि मी मान डोलावली. तुझे खांदे ताठरले, त्यावरून माझे उत्तर चुकले एवढे उमगले. प्रश्न मात्र मला कळलाच नव्हता.

नौदलाच्या तोफखाना-शाळेच्या प्रमुखपदासाठी माझे नाव वर गेले होते, हे तू ऐकले असशीलच. तुझी बहीण, माझी लेटी, आज असती तर म्हणाली असती, "चला, माझ्या सवतींना आता विद्यार्थीही मिळाले!" तोफांना ती सवतीच म्हणे. प्रत्येक सफरीपूर्वी माझ्या खिशात लोकरीचे बोळे ठेवी आणि बजावी, "कानांत घाला हो, त्याने काही मिशा गळून पडणार नाहीत." कानांत बोळे घालणारा अधिकारी आमच्यात भित्रा ठरतो. बंदर मागे पडले की मी ते समुद्रात टाकीत असे.

डेकवर माझे कधी अडले नाही. भडिमार सुरू झाला की तेथे कोणालाच ऐकू येत नाही. तोफेवरचा प्रमुख हात वर करून ओठ हलवतो, अधिकारी मान डोलावतो, तोफ उडते. तो काय म्हणणार हे ठरलेलेच असते. पुढे कान निकामी होत गेले, तसा मी सगळीकडे ओठ वाचूनच निभावू लागलो. "साहेबांना सलाम ऐकू येत नाही, शिवी मात्र बरोबर पोचते," हेही मी एका खलाशाच्या ओठांवरूनच वाचले. लेटी नेहमी उजेडात बसून, माझ्याकडे तोंड करून बोले. ती तिची लकब आहे, असे मी समजत होतो.

त्या शेवटच्या दुपारी तिचा चेहरा उशीत, तुझ्या बाजूला वळलेला होता. माझा हात धरून तिने काही मागितले, आणि तू माझ्याकडे पाहिलेस. 'पुन्हा सांग' एवढेच म्हणायचे होते. पण पलंगाच्या पायथ्याशी नौदलाचे डॉक्टर उभे होते, आणि त्या पदासाठीच्या माझ्या तपासणीच्या कागदावर सही त्यांचीच व्हायची होती. मी मान डोलावली. तिने समाधानाने डोळे मिटले.

दफनाच्या वेळी तू जाळीआडून काही विचारलेस, तेव्हाही मी तेच केले. तेव्हापासून तर्क करीत बसलो आहे. तिची अंगठी तुला द्यायची होती का? की तिला इथे नव्हे, तुमच्या गावी, आईच्या शेजारी पुरायचे होते? ही दुसरी शंका मला सोडीत नाही.

आज सकाळी मी माझे नाव मागे घेतले आणि कारणही लिहून दिले. ज्यासाठी लपवले ते गेले, म्हणून आता तुला विचारण्याचे धैर्य करतो. ऑगस्टा, तिने काय मागितले होते? येऊन सांगू नकोस, लिहून पाठव. कुदळ घेऊन कबरीपाशी उभे राहायची वेळ आली तरी मी ते पुरे करीन. फक्त मी कशाला हो म्हणालो, ते मला कळू दे.

तुझ्यापुढे मान खाली घातलेला,
अँब्रोज पेनहॅलो