उभं राहता न आलेल्याचा विरोध

मी, शहरभर ‘खुर्चीवाला’ म्हणून ओळखला जाणारा सुतार, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. पाय तेवढे लाकूड कापायच्या कारखान्यात गेले. मृत्युपत्राला ते लागत नाहीत.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक सुनेला. ती या घरात राहिली म्हणून नगरसभेचे ठराव तिने मान्य केले, असं कुणी धरू नये. हे लिहावं लागतं, कारण माझे थोरले बंधू, नगरसभेचे सचिव, तसंच धरतात. “इथलं पाणी पितोस, इथल्या रस्त्यावरून जातोस, म्हणजे इथले कायदे तुला मान्यच. पटत नव्हतं तर निघून जायचं होतंस.” दादा, कुठे जायचं होतं? आणि कशाने?

२. माझा चाकांचा पाट दादांना. त्यावर बसून त्यांनी एकदा सभेला जावं. सभेची रीत अशी की विरोध असेल त्याने उभं राहायचं, बसलेल्यांचा होकार. घरटी एक तरुण सीमेवर पाठवायचा ठराव आला तेव्हा मी पहिल्याच रांगेत होतो. घसा फोडून ओरडलो, “माझा विरोध आहे!” अध्यक्ष म्हणाले, “काका, नियम उभं राहण्याचा आहे.” लोक हसले. दादांनी खाली मान घालून लिहिलं, एकमताने मंजूर. ज्या खुर्च्यांवरून कुणी उठलं नाही त्या मीच केलेल्या. इतक्या आरामशीर करायला नको होत्या. मुलगा गेला, तो परत आला नाही. दादांना मी माफ केलेलं नाही, मरतानाही करणार नाही.

३. रंधे, पटाश्या, करवती नातवाला. पण आधी “हवीत का रे?” असं त्याला विचारावं आणि तो बोलेपर्यंत थांबावं. नको म्हणाला तर विकून टाकावीत. त्याच्या बापाला कुणी काहीच विचारलं नव्हतं.

४. उद्या तोच ठराव पुन्हा सभेपुढे आहे आणि नातू आता वयात आलाय. खाली सही केलेले दोघे साक्षीदार मला काखेत धरून उभं करणार आहेत. डॉक्टर म्हणतात, एवढी ओढाताण हृदयाला सोसणार नाही. सभेआधीच मेलो, तरी मला न्यावं आणि ठराव पुकारताच उभं धरावं. मी गप्प असेन. त्याला होकार समजू नये.

सही : खुर्चीवाला
साक्षीदार : लाकडाच्या वखारीचा मुकादम, शेजारची शिंपीण (दोघांनी “कबूल” असं मोठ्याने म्हणून सही केली)
ठिकाण : माझी कामाची खोली
दिनांक : सभेचा आदला दिवस