तुझा टाक

१ फेब्रुवारी, शनिवार

नाशिक! फायनली. विंचूरच्या वाइन पार्कमध्ये लॅबची नोकरी, आणि राहायला इंदिरानगरात घरमालक दीपककाकांच्या बंगल्याची वरची खोली. बॉस म्हणाले, शेतकऱ्यांशी बोलायचं तर मराठी सुधार. म्हणून ही डायरी मराठीत. ठाण्याला आईला सांगितलं तर ती हसत सुटली. तुझं मराठी म्हणजे अर्धं इंग्लिश आणि अर्धं अंदाजपंचे, म्हणाली.

साधनाकाकूंनी दारातच माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि लगेच विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर एकदम खूश. म्हटलं, झालं, आता स्थळं येणार.

आणि खरी न्यूज! सामानातून माझे मिनिएचर्सचे डबे निघाले. हे छोटे सैनिक मी रंगवतो, टेबलवर त्यांची लढाई खेळतो. लोक सहसा विचारतात, अजून खेळण्यांशी खेळतोस? काका हसले नाहीत. म्हणाले, आमच्या घरातही असाच एक खेळ आहे, उद्या बस आमच्यात.

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर पडदे ओढून खेळतात. टेबलवर नदीचं सुकलेलं पात्र आहे, खरी वाळू, काळे दगड, जळक्या काड्यांचं गाव, आणि कडेला काचेच्या पट्टीची नदी. मिनिएचर्स तर क्रेझी! गोल नाहीत, चपटे. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली अंगठ्याएवढी माणसं, लाकडी खाचेत उभी. एक घोड्यावर, बाकीच्यांच्या हातात तलवारी. चौघांचे चेहरे इतके झिजलेत की नाकच तेवढं कळतं. रंग नाहीच, नुसता हळदीचा वॉश, म्हणजे पातळ हात. एवढं ग्रिम काम मी कुठेच पाहिलं नाही.

खेळाचं नाव वीर. पाच वीर आहेत, आणि एक खाच रिकामी. ती भरली की सगळे मिळून नदीत उतरतात आणि खेळ सुटतो. गंमत म्हणजे वीर आउट होत नाही. लागलं की पालथा पडतो, पुढच्या डावात उठतो. मी विचारलं, मरत कसे नाहीत? काका म्हणाले, मेलेला अजून काय मरणार रे बाबा.

कसली सॉलिड स्टोरी! मीच म्हटलं, सहावा मला करा ना. काकूंनी काकांकडे बघितलं. त्यांची मुलगी तेजस्विनी फासे घेऊन बसली होती. तिच्या हातून ते खाली सांडले.

९ फेब्रुवारी, रविवार

सहावा माझाच! काकांनी माझा बाजूने फोटो काढला, जन्मतारीख, नक्षत्र, सगळं लिहून घेतलं. एवढं डिटेल कॅरॅक्टर शीट आमच्या ठाण्याच्या ग्रुपमध्येसुद्धा कुणी करत नाही. काकू रोज जेवायला खाली बोलावतात. मी लाजलो की म्हणतात, मुकाट्याने जेव मिहीर, तू आता घरचाच.

एक गोष्ट विचित्र वाटली. पाचवा वीर अगदी नवाकोरा आहे आणि त्याला चष्मा आहे. तलवारवाल्याला चष्मा? तेजस्विनी म्हणाली, तो संतोषदादा, माझा भाऊ. मी विचारलं, तो कधी येतो खेळायला? तर म्हणाली, टेबलवरच असतो. काकू उठून आत गेल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज जाम पोपट झाला. काका म्हणाले, संतोषचा टाक गेल्या वर्षी झाला, आता तुझा टाक. मी लगेच फासे उचलले आणि टाकले. सहा पडला! सगळे हसले. काकू तर डोळे पुसेपर्यंत. काकांनी पाठीत धपाटा घातला, घाई काय तुला, होळी तर येऊ दे.

सहा पडल्यावर हसण्यासारखं काय आहे? आणि ‘गेल्या वर्षी’?

२३ फेब्रुवारी, रविवार

काकूंच्या खोलीत संतोषचा फोटो दिसला. हार घातलेला. तीन आठवडे मी यांच्याबरोबर जेवतोय, कुणी एका शब्दाने सांगितलं नाही.

माझ्या कपाटाच्या मागे चष्म्याची केस सापडली. म्हणजे ही खोली त्याची.

२ मार्च, रविवार

डोकं दुखतंय सांगून खेळायला गेलो नाही. काकू वर आल्या, दही-भात घेऊन. मी संपवेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

आईला फोन करून विचारलं, टाक म्हणजे काय. टाकणे म्हणजे थ्रो, म्हणाली, तुला एवढंही येत नाही? मी म्हटलं, तसं नाही, ‘संतोषचा टाक झाला’ असं म्हणतात. मग म्हणाली, आजोबांच्या देवघरात होते ते. चांदीचे, चपटे. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने करतात.

मग तिने विचारलं, तिथे कुणाचा करतायत?

मी सांगितलं नाही.

९ मार्च, रविवार

टाक आला. मीच आहे. लहानपणी सायकलवरून पडलो होतो, ती भुवईवरची खूणसुद्धा आहे, आणि फोटोत तर ती बाजू आलीच नव्हती. काकांनी तो सहाव्या खाचेत उभा केला. फासे डब्यात ठेवले. म्हणाले, आता खेळायचं नाही, आता न्यायचं.

तेजस्विनीला जिन्यात गाठलं. रडत होती. नाशकात धुलिवंदनाला लोक आपल्या घरातले वीर मिरवत गोदावरीवर नेतात, अंघोळ घालून परत आणतात, म्हणाली. तसं सगळेच करतात. पण आमचे वीर एकटे परत येत नाहीत, ते माणूस मागतात. बिनलग्नाचं. गेल्या वर्षी दादा. इथेच, वरच्या खोलीत, पलंगावर. अंग कोरडं आणि नाकातोंडात पाणी. यंदा माझी पाळी होती.

मी म्हटलं, मी तर तुमचा कुणीच नाही. ती म्हणाली, परकं चालत नाहीच. म्हणून तर आई तुला रोज जेवू घालते.

११ मार्च

संध्याकाळी टाक उचलला. मुंबई नाक्यापुढे नासर्डीच्या पुलावर गेलो आणि टाकला. टाक टाकला! आता तरी मराठी बरोबर ना —

तो पाण्यात पडला आणि माझ्या नाकात पाणी गेलं. पुलावर, उभ्या उभ्या. श्वास नाही. कसा उतरलो माहीत नाही. गाळात हात घालून काढला. बाहेर आला तेव्हा श्वास आला.

म्हणजे त्याला पाण्यापासून — बस. एवढंच. मुठीत ठेवतो. सोडायचा नाही.

१३ मार्च, होळी

कालपासून ताप. अंग जड, ठाण्याला पळायचं तर जिनासुद्धा उतरता येत नाही. आईला सगळं सांगितलं. तिला हसू आलं नाही. उद्या पहिल्या बसने निघते म्हणाली. टाक पाण्यात जाऊ देऊ नकोस, मी येतेय.

काकू कपाळावर घड्या ठेवत बसल्या. डोळा लागला. उठलो तर मूठ रिकामी.

दाराला बाहेरून कडी.

१४ मार्च

खाली ढोल. ओरडलो, कुणालाही ऐकू — खिडकीतून दिसतायत. तेजस्विनीच्या हातात ताम्हन, नारळ, सहा टाक. तिने एकदाच वर बघितलं. काकू म्हणाल्या, मिहीरला नीट धर गं.

निघाले.

आईचा मेसेज. घोटी.

पलंगावर आहे पण झोके बसतायत. हळदीचा वास. गर्दी अगदी कानाशी. कुणाचा तरी गुलाल डोळ्यात — खोलीत गुलाल नाहीये.

आईचा मेसेज. पाथर्डी फाटा, रिक्षा बघतेय. आई इकडे नको, नदीवर जा — पाठवलं. अजून एकच टिक —

पायऱ्या. दगड गार. शेजारी कुणीतरी चष्मा पुसतंय. म्हणतंय, घाबरू नको, आता तुझा

तेजस्विनी वाकली. तेजस्विनी, नको, वर धर, वर — हनुवटीला पाणी — आई आली का बघ, आई