सामाईक भिंतीचा चुना

मी, कालिरोई देपास्ता, पान्देलीस कोळ्याची विधवा, राहणार आर्तेमोनास, सिफनोस बेट, बुद्धी शाबूत असताना आणि कोणी भरीस घातलेले नसताना हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. घरादाराची सोय लावायची आहेच. पण खरी इच्छा अशी, की शेजारीण स्तामाता हिने मी मरण्याआधी एकदा माझ्या घरात पाऊल टाकावे.

१. राहते घर भाची झाम्बेता हिला द्यावे. अट एकच: दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात भिंतींना चुनाच लावायचा, चांगला मुरलेला, चिमूटभर नीळ घालून. गल्लीतल्या फरशांच्या सांधीही चुन्याने रेखायच्या. डब्यातला प्लॅस्टिकचा रंग या घरात आणू नये.

२. संगमरवरी मोरी हिरव्या साबणाने आणि मऊ फडक्याने पुसावी. तिथे लिंबू पिळू नये, दगड खाल्ला जातो. लिंबू-मीठ तांब्याच्या भांड्यांना. झाम्बेताला घाई फार, म्हणून लिहून ठेवते.

३. उत्तरेची भिंत माझी आणि स्तामाताची सामाईक आहे. लग्न होऊन आलो तेव्हापासून गल्ली आम्ही दोघींनी रंगवली. ती वरून, मी खालून. मध्ये गाठ पडली की तिथेच बसून पाव आणि ऑलिव्ह खायचो. मग तिच्या मुलाने पिरेअस बंदराहून प्लॅस्टिक रंगाचे डबे पाठवले आणि तिने ते भिंतीला फासले. ओल आत कोंडली ती माझ्या बाजूने फुटली. देवाच्या तसबिरीमागचा गिलावा पापडासारखा सुटला. सांगायला गेले तर म्हणते, "अगं बये, तुझ्याकडे येतंय कोण भिंती बघायला?" मला मूलबाळ नाही. तेव्हापासून अबोला. तरी पलीकडे ती कढई घासू लागली की मी हातातले काम थांबवून ऐकत बसते. मला तिची फार आठवण येते.

४. स्तामाताला मी काहीही ठेवत नाही. हा राग नव्हे. नोटरीसाहेब सांगतात, ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि साक्षीदाराला शेवटपर्यंत समोर बसून ऐकावे लागते. मला ती समोर बसलेली हवी आहे. सरकारी बोलावण्याला ती घाबरते, येईल.

५. (साक्षीदार आल्यावर घातलेले कलम.) स्तामाता आली आहे. वरचे सगळे वाचून दाखवल्यावर तिने हरकत घेतली: "माझ्याकडे तरी कोण येतंय गं? रंगाचे डबे येतात. लिहा हो साहेब, हे पण लिहा!"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू माझंच दार आपटून निघून गेलीस ना!"

साहेबांनी दोन्ही लिहिले. मग तिने उठून भिंतीवर बोट फिरवले. "पातळ लागलाय चुना. एकटीनं लावलास होय?"

मी हो म्हटले. तिने डोळे पुसले.

बाकीचे साक्षीदार सहीसाठी पेन मागत आहेत आणि टोप्या शोधत आहेत. स्तामाता मात्र खुर्ची चुलीजवळ ओढून बसली आहे. मला कॉफी ठेवायची आहे, तेव्हा माझे मृत्युपत्र इथेच पुरे.

लिहून देणार: कालिरोई देपास्ता (सही)

साक्षीदार:
१. अपोस्तोलिस, भटारखानेवाला (सही)
२. लेफ्तेरिस, पोस्टमन (सही)
३. स्तामाता, शेजारीण (सही)

आर्तेमोनास, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यातला सोमवार, १३ एप्रिल १९९८