उतारावर न्यूट्रल

पुणे, रविवार

तीर्थरूप पप्पांना,
मोनालीचा जयभीम. मी बरी आहे, आधी एवढं वाचून घ्या. फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता आणि शेजारी आई असते, म्हणून लिहून राह्यले.

काल ऑफिसच्या मैत्रिणींसोबत डोंगरात जीप चालवायला गेल्ते. रस्ता न्हाई, नुसता मुरूम आणि दगड. पहिलीच वेळ, पण चढ बराबर चढवला. गाडी नाहिदची, ती शेजारी बसली होती.

उतार लागला तशी मी गाडी न्यूट्रल केली, डिझेल वाचवायला तुम्ही करायचात तशी. गाडी सुटलीच. ब्रेक पार दाबला तरी चाकं घसरत राहिली. शेवटी मातीच्या ढिगात शिरली. माझं कोपर तेवढं खरचटलंय. मी म्हटलं, ब्रेक फेल झाले. नाहिदनं तपासून सांगितलं, "ब्रेक ठीक आहेत. गिअरमध्ये असती तर इंजिनानंच धरली असती."

तेव्हापासून जेवण जात न्हाई. अंबडच्या उतारावर आपली जीप उलटून आईचा पाय मोडला, तेव्हा मी मागं बसले होते. तुमचा हात गिअरवर गेलेला मला आठवतोय. तुम्ही सगळ्यांना सांगितलं, हारुनचाचांनी ब्रेक नीट बसवले न्हाईत. मंग त्यांच्या गॅरेजवर कोणी गाडी नेईना.

आईचा पाय थंडीत अजून दुखतो का? तिला मी काही बोलणार न्हाई.

मला उत्तर नको, पप्पा. चाचा अजून गॅरेजच्या ओट्यावर बसतात ना? एकदा जाऊन या त्यांच्याकडे.

तुमचीच,
मोनाली