राजूरच्या बातमीत नाव का नव्हतं

बाबा, आज तुम्ही असता तर मला समोर उभं करून विचारलं असतं, 'काहून केलं असं?' हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. तुम्ही गेलात तेव्हा मी पेपरात टायपिंग करायची. आता यवतमाळातच एका बातम्यांच्या वेबसाइटवर आहे. कागद नाही, शाई नाही. लोक मोबाईलवर वरची ओळ बघतात, तिच्यावर बोट ठेवलं की आतली बातमी उघडते. किती जणांनी उघडली तो आकडा साहेबांच्या टेबलावर दिवसभर दिसतो. ती वरची ओळ मी लिहिते. आकडा हलला नाही की मी ती ओळ पुन्हा पुन्हा बदलते. नुसत्या पाट्या टाकता आल्या असत्या तर किती बरं झालं असतं, पण या कामात तेही जमत नाही.

तुमचा बोरीतला फळा आज दिवसभर डोळ्यांपुढे आहे. ग्रामपंचायतीची कारकुनी आटोपली की स्टँडवरच्या हॉटेलाशेजारच्या फळ्यावर तुम्ही निधनाची बातमी लिहायचात. आधी त्या घरी जाऊन यायचात, घरच्यांना सगळं कळलंय ना हे बघायचात, मगच खडू हातात. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत नाव. मग वडिलांचं नाव, मग गाव. मी विचारलं होतं, आधी 'दुःखद निधन' का नाही लिहीत? तुम्ही म्हणाला होतात, "अवं, यष्टीतून उतरणाऱ्या माणसाले पह्यल्या नजरेत समजलं पाह्यजे की आपलं माणूस नाही. उगा त्याच्या काळजाचं पाणी कायले करा?" आणि तो हॉटेलवाला! "भाऊ, नाव नोका लिहू. नुसतं लिहा, गावातला एक माणूस गेला. लोक मले इचारायले येतीन, दोन कप चहा खपन." तुम्ही खडू खाली ठेवून त्याच्याकडे असे वळलात की मीच घाबरले. "मेलेल्या माणसावर चहा इकतं काय रे?" तो कसनुसा हसला आणि भट्टीकडे गेला. बाबा, आता त्या हॉटेलवाल्यासारख्यांच्याच हाताखाली मी काम करते.

दुपारी वणीहून आमच्या वार्ताहराचा फोन आला. राजूरजवळ कोळशाचा ट्रक मागे घेताना एक माणूस चाकाखाली गेला, जागीच संपला. दादा राजूरलाच कामाला आहे ना खाणीत. "नाव सांग, आधी नाव सांग," मी ओरडलेच, सगळं ऑफिस बघायला लागलं. त्यानं नाव सांगितलं. आपलं नव्हतं. सुटले देवा, म्हणाले मी, मोठ्यानं म्हणाले. मग पाणी प्यायले आणि ओळ लिहिली, त्या माणसाचं नाव आधी, मग गाव, मग काय झालं ते. साहेबांनी वाचली. माझ्यापेक्षा लहान आहेत, बोलतात गोड. "ताई, नाव टाकलं तर त्या एका घरचेच उघडतीन. नाव काढा, सगळं राजूर उघडते."

मी ओळीतून नाव काढलं. 'राजूर हादरलं! सकाळी कामावर गेलेला तो परतलाच नाही', असं लिहिलं. आकडा असा पळायला लागला की साहेबांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. लोकांना बातमीत काय गोडी वाटते यावर हे लोक तासन् तास बोलतात. गोडी कसली! ज्या ज्या घरचा माणूस सकाळी डबा घेऊन गेला होता, त्या त्या घरची बाई ती ओळ उघडत होती. आणि त्या मेलेल्याच्या घरी आमच्या आधी कोणी गेलं होतं का, हे मी वार्ताहराला विचारलंच नव्हतं. आता विचारायची हिंमत होत नाही.

समोसा हातात असतानाच आईचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "दादा फोन उचलून नाही राह्यला वं! राजूरची बातमी आली, उघडाले गेलं की साडीची जाहिरातच येते वरतून. कोन होय तो? सांग ना, कोन होय?" मी म्हटलं, आई, आपला दादा नाही. तो खाली आहे, खाली फोन नेऊ देत नाहीत, तुला माहीत आहे ना. ती रडली, खूप वेळ रडली, बाबा. तुम्ही गेलात तेव्हाही ती अशी रडली नव्हती. शेजारच्या काकूंनी तिला पाणी दिलेलं मला फोनवर ऐकू आलं. जरा सावरल्यावर म्हणाली, "तुले ठाऊक होतं, तं मले फोन काहून नाही केला?" मी म्हटलं, कामात होते.

साहेबांना जाऊन म्हटलं, ओळीत नाव टाकू द्या. ते म्हणाले, उद्या टाकू. मी परत येऊन खुर्चीत बसले. मुलीची फी, घराचा हप्ता, या वयात दुसरी नोकरी कोण देतो, हे सगळं मनात येऊन गेलं आणि मी बसूनच राहिले. ती ओळ अजून तशीच आहे.

ती ओळ मीच लिहिली हे आईला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. फोन ठेवायच्या आधी ती चिडून म्हणाली, "कोन्या मेल्यानं लिवलं हे असं? हात झडो त्याचे!"

मी म्हणाले, "झडोच, आई."