पाटीवरचा अनुस्वार

भावोजी,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

ताईच्या पायाला सातवं औषधही लागू पडलं नाही. आपल्या औषधांच्या कारखान्यामागच्या नाल्यात पाय कापला, एवढंच निमित्त. आता डॉक्टरीणबाई पाय काढायचं म्हणतात. मी विचारलं, असं कसं? त्या म्हणाल्या, "नाल्यात रोज थोडंथोडं जंतू मारायचं औषध गेलं, की त्याला पुरून उरणारे जंतूच वाचतात. ते मेले तरी त्यांचा तो गुण पाण्यात राहतो, आणि दुसरे जंतू तो उचलतात."

औषधाच्या पिंपांचं धुवण टाकीत निकामी करायचं सोडून तुम्ही थेट नाल्यात सोडत होता. मी हटकलं, तर सगळ्यांसमोर म्हणालात, "अरे शुद्धलेखन्या, औषधच आहे ते! नाला ठणठणीत होईल." सगळे हसले. मीही हसलो, याची मला जास्त चीड येते.

टाकीवर तुम्ही पाटी रंगवली होती, 'येथील पाणी निर्जतुक करून सोडले जाते'. मी ब्रश घेऊन गेलो आणि राहिलेला अनुस्वार देऊन आलो. खोटं होतं तसंच ठेवलं, फक्त शुद्ध केलं.

काल ताईच्या उशाशी बसून तुम्ही नशिबाला बोल लावत होता. नाल्याकडचा व्हॉल्व्ह नशिबानं फिरवला नव्हता.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. सोमवारी तपासणीला बाहेरची माणसं येतील, त्यांच्या हातात देईन. तीनदा वाचलंय. एकही चूक नाही.

'तुमचा मेहुणा' लिहून खोडलं आहे.

ताईचा भाऊ