पाय धुण्याचा गुरुवार

आई,

एप्रिलच्या दुपारी घर कसं गप्प पडतं ते तुला ठाऊक आहे. पंखा आपला फिरत असतो, आंब्याखाली कोंबडी धुळीत अंग घोळवते, आणि मला उगाच वाटतं की मागच्या मोरीत तूच उभी आहेस, तोंडावर वाफ घेत, बादलीत कोपर बुडवून पाणी किती गरम ते बघत. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाफेत तू दिसतेसच. मी हाक मारत नाही. मारली की जाशील.

कर्जत स्टेशनजवळच्या दवाखान्यात तू आया होतीस. शाळेला सुट्टी लागली की मी तुझ्यासोबत यायचे आणि खाटेच्या पायथ्याशी बसून तुझं काम बघायचे. अजून बघते आहे. एक म्हातारी झोपली आहे, तिच्या अंगावर तू चादर घातली आहेस. चादरीखालून एक हात बाहेर काढतेस, धुतेस, पुसतेस, परत आत ठेवतेस, मग दुसरा. सगळं अंग धुऊन होतं, पण म्हातारी क्षणभरही उघडी पडत नाही. मी विचारते, "चादर काढली तर लवकर नाय का व्हनार?" तू म्हणतेस, "व्हईल की. पन मग भांडं घासल्यावानी व्हईल, बाय." आणि फिनेलच्या वासात मला तिथंच डुलकी लागते.

आत्याला तुझं हे काम कधी रुचलं नाही. बाबांची थोरली बहीण, चर्चात कायम पहिल्या बाकावर, बायबल पदराखाली धरलेलं. पण तू परक्यांचं हागणंमुतणं काढतेस म्हणून तुझ्या हातचं पाणी ती प्यायची नाही. आपलं घराणं पणजोबांच्या वेळी ख्रिस्ती झालं, पण सोवळं-ओवळं गाठोड्यात बांधून सोबत घेऊन आलं. मी चिडायचे, आत्याला तोंडावर बोलायला जायचे. तू मला खाली बसवायचीस आणि भाकरी थापता थापता म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे गं. तिला वाटतं पवित्र म्हंजी लांब ऱ्हायचं. देव काय लांब ऱ्हायला का?" त्या वेळी मला ते तुझं भित्रेपण वाटलं होतं.

पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, फादर चर्चात बारा जणांचे पाय धुतात, त्याची मात्र तुला दर वर्षी मजा वाटायची. ज्यांची नावं निघायची ते सकाळपासून दगडानं टाचा घासायचे, खोबरेल चोळायचे, नव्या चपला घालून यायचे. तू माझ्या कानाशी लागायचीस, "घासलेलंच पाय धुवायचं तर फादरला कशाला तरास?" मला हसू आवरायचं नाही आणि पहिल्या बाकावरून आत्या वळून डोळे वटारायची.

या वर्षी माझं नाव निघालं. हसू नकोस. नाताळपासून मी ठरवलं होतं की नोकरी संपली, आता उरलेलं आयुष्य पवित्र जगायचं. पहाटे प्रार्थना, शुक्रवारी उपास, कुणाची चहाडी नाही. चहाडी सोडणं सगळ्यांत जड गेलं, शेजारीण अजून रुसलेली आहे. आत्या आता माझ्याकडे असते. तिला पोटचं कुणी नाही, बाबाही राहिले नाहीत, आणि दिवाळीनंतर तिनं अंथरूण धरलं. तिचं करायला एक बाई येते. मी दारातून "बरी आहेस ना" विचारते आणि पुढं जाते. माझ्या पवित्र आयुष्यात तिची खोली मी धरलीच नव्हती.

गुरुवारी दुपारी मीही टाचा घासल्या. पांढरी साडी नेसले. बाई लेकीकडे नेरळला गेली होती. ऊन माथेरानच्या डोंगरामागं उतरत होतं, रिक्षावाला दारात हॉर्न वाजवत होता, आणि आत्याच्या खोलीतून वास आला. मग आवाज आला, "कोन हाय का गं?" मी उंबऱ्यात उभी. खरं सांगते, मी निघणारच होते. बाई आली की करेल, तोवर काय होतंय? तिकडे चर्चात बारांतली एक खुर्ची रिकामी दिसेल, लोक काय म्हणतील? आणि मग मला तुझाच राग आला. ती म्हातारी, ती चादर, ते सगळं तू मला का बघू दिलंस? बघितलं नसतं तर सुखानं रिक्षात बसले असते.

रिक्षा परत पाठवली. पदर खोचला, पाणी तापवलं, आत्याच्या अंगावर चादर घातली. ती आक्रसून म्हणाली, "तू नको गं. किळस येईल तुला."

"येतेय," मी म्हटलं. "पडून ऱ्हा गप."

मी तिचा एक हात चादरीबाहेर काढला. खिडकीत उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला, आणि मला काही वेळ कळेना की कुणाचं अंग पुसतेय आणि कुणाच्या हातांनी. पाय शेवटी आले. टाचांना भेगा पडलेल्या, बोटांच्या बेचक्यांत मळ साचलेला. ते पाय खरंच धुवायला हवे होते. आत्या रडत होती. "तुझी आय असती तर मी तिला..." एवढं म्हणाली आणि थांबली. मी पाय पुसले आणि परत चादरीखाली ठेवले.

रविवारी फादर भेटले. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. "धन्य आहात तुम्ही," म्हणाले, आणि मी मान खाली घालून ते घेतलं. त्यांना जे सांगता आलं नाही ते तुला लिहिते आहे, आणि तुला कुठं पाठवणार म्हणून इथंच घडी घालून ठेवणार आहे. आत्याला धुताना माझ्या मनात एकही प्रार्थना नव्हती. तू सोसलेलं सगळं आठवत होतं, आणि दात आवळलेले होते. बाई परत आली, तिला मी स्वयंपाकाला लावलं. आत्याला आंघोळ आता रोज मीच घालते. पण ती मला अजून आवडत नाही, आई.